पागनिसांचा सफेद मसाला

दत्तोपंत पागनीस म्हशींचं खाणं आधी स्वतः चाखून बघत. नुसतं बोट जिभेला टेकवणं नव्हे. चिमूटभर मिश्रण तळहातावर घ्यायचं, तोंडात टाकायचं, डोळे मिटून घोळवायचं आणि मग "अजून मीठ" किंवा "चालू द्या" असा निकाल द्यायचा. उन्हाळ्यात हा प्रकार दोनदा होई, दिवस उगवायच्या आधी आणि दिवस कलल्यावर. समोर तीस-चाळीस म्हशी माना वर करून उभ्या, आणि हा पन्नाशी ओलांडलेला, डोक्याला साफा बांधलेला गृहस्थ त्यांच्या आधी जेवणार. दूध काढणारे गवळी पाठीमागे त्यांना 'बड़ी भैंस' म्हणत. दत्तोपंतांना ते ठाऊक होतं. "खरंच बोलतात," ते म्हणायचे, "फक्त दूध नाही देत मी."

मी त्या सरकारी दुग्धशाळेत कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा संस्थान जाऊन मध्य भारत हे नवं राज्य आलं होतं, आणि कुठल्या खात्याचं टेबल कुठल्या शहरात आहे हे कुणाला नीट सांगता येत नव्हतं. उज्जैनच्या देवास रस्त्यावर जुनी पागा होती. रिसाला मोडला, घोडे लिलावात गेले, आणि रिकाम्या तबेल्यांत सरकारने म्हशी आणून बांधल्या. घोड्यांबरोबरची माणसं कुठे कुठे पांगली. दत्तोपंत तेवढे तबेल्याबरोबर म्हशींच्या वाट्याला आले. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या पागेची दाणावैरण बघण्याचं काम होतं, आडनावही त्यावरूनच पडलेलं. घोडा गेल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. साफा मात्र सोडला नाही, आणि सकाळी गव्हाणीसमोरून जाताना म्हशींची हजेरी घ्यायचंही सोडलं नाही. "कजरी? हाजिर. भूरी? हाजिर." म्हशींच्या वतीने हाजिर तेच म्हणत.

माझ्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर चिमूटभर पांढुरकी पूड ठेवली आणि म्हणाले, "घ्या."

मी विचारलं, हे काय आहे. ते म्हणाले, सफेद मसाला, उन्हाळ्याचा. "जो लिहितो त्यालाही चव मालूम पाहिजे. नाहीतर कागदावर काहीपण लिहिता येतं."

मी तिशीतला, घरी बायको आणि वर्षाचा मुलगा, नोकरी नवी. टाकलं तोंडात. खारट होतं, मागून किंचित गोड, आणि दाताखाली बारीक कचकच. गोडी गुळाची हे कळलं. कचकच कशाची हे विचारायचं सुचलं नाही. दत्तोपंत माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आवंढा गिळला तसे खूश झाले. मग माझं गाव विचारलं. वडील रेल्वेत होते, नाशिककडून इकडे बदलून आले, असं मी सांगितलं. "तरीच तुमचं मराठी इतकं स्वच्छ," ते म्हणाले. "असू द्या, इथे दोन वर्षांत बिघडेल." बिघडलंही. पुढे मीच बायकोला "जल्दी करा" म्हणू लागलो.

माळव्याचा उन्हाळा फार वाईट नसतो असं माळव्यातली माणसं सांगतात. माणसांचं मी सांगत नाही, पण म्हशीचे हाल कुत्रा खात नाही. कातडी काळी, घाम येतो तो नावाला. चैत्र संपता संपता तिचं खाणं तुटतं, दूध आटतं, आणि ती तोंड उघडून धापा टाकत उभी राहते. दत्तोपंतांचे या दिवसांचे नियम ठरलेले होते. ऊन चढल्यावर दाणा नाही, कारण त्या वेळी खाल्लेलं पोटात भट्टीसारखं पेटतं. पेंड आदल्या संध्याकाळी भिजवायची. पहाटे पेंड, चोकर म्हणजे गव्हाचा कोंडा, वरून गुळाचं पाणी आणि मूठभर सफेद मसाला. तेवढीच मूठ संध्याकाळी. दुपारी घोड्यांच्या जुन्या हौदात म्हशींना बसवायचं, आणि बाहेर काढल्यावर प्रत्येकीच्या कानाच्या मुळाशी हात लावून बघायचं. ते म्हणत, म्हैस सगळं कानाच्या मुळाशी सांगते, वरचे कान उगाच हलवायला दिलेत.

सगळ्यांत जास्त ते भिंतींकडे बघत. तबेल्याच्या भिंतीवर कुठे ओला, चाटून गुळगुळीत झालेला डाग दिसला की तिथे कोण बांधली आहे ते बघायचे. एकदा भूरीने गवळ्यांच्या जमादाराचा, रामलालचा, जोडा चघळायला घेतला. रामलाल काठी घेऊन धावला. दत्तोपंतांनी काठी धरली, जोडा सोडवला, तो झटकून रामलालच्या हातात दिला आणि म्हणाले, "जूता नहीं खा रही है, दवा ढूँढ रही है." भूरीचा मसाला त्यांनी दुप्पट केला. पंधरा दिवसांत तिने भिंत सोडली, चामडं सोडलं, आणि त्या उन्हाळ्यात सगळ्यांत जास्त दूध तिने दिलं. रामलाल तो चघळलेला जोडा पुढे दोन वर्षं घालून हिंडत होता आणि विचारणाऱ्याला कौतुकाने दाखवत होता.

मसाल्याच्या सामानातली एक गोणी मागच्या फाटकातून येई. ती आणणारा भग्गा वस्तीबाहेर राहायचा. मेलेली जनावरं ओढून नेणं हे त्याच्या घराकडे लादलेलं काम होतं. गोणी ठेवून तो लांब उभा राही. दत्तोपंत त्याला 'भग्गाजी' म्हणत, पाणी हवं का विचारत, आणि गोणी स्वतः उचलून आत नेत. ब्राह्मण असून भग्गाच्या गोणीला हात लावतात हे पाहून मला वाटायचं, रिसाल्यातली माणसं मोकळ्या मनाची असतात. गोणीत काय असतं हा प्रश्न मला पडला नाही. पडला नाही की पडू दिला नाही, हे या वयात ठरवणं कठीण आहे.

घरी त्यांच्या पत्नी, माई. मूलबाळ नव्हतं. माई सोवळ्याच्या कडक आणि हाताच्या सढळ. दत्तोपंत रोज सकाळी भूरीच्या दुधाचा लोटा घरी नेत. त्याने माई देव्हाऱ्यातल्या महादेवाला अभिषेक करत आणि उरलेल्या दुधाची खीर सोमवारी आमच्या कचेरीत पाठवत. माझा मुलगा बोलायला लागला तो त्या खिरीच्या डब्याकडे बोट दाखवत. दुग्धशाळेचं बरंचसं दूध असंच गावातल्या देवांकडे जायचं. देवाला पाणी घातलेलं दूध चालत नाही, आणि आमच्याकडे पाणी घालत नाहीत अशी गावात ख्याती होती. ती ख्याती दत्तोपंतांची होती.

मग मध्य भारतही गेला आणि मध्य प्रदेश आला. कागद आता भोपाळला जाऊ लागले. तिथून नवं फर्मान आलं की जनावरांच्या खुराकातल्या प्रत्येक वस्तूत काय काय आहे ते सुटं सुटं, हिंदीत लिहून पाठवावं, आणि पुरवठादारांना दिसेल अशी एक प्रत फाटकावर लावावी. आमच्या यादीत संस्थानी काळापासून 'सफेद मसाला' एवढंच चालत आलं होतं. मी वही घेऊन दत्तोपंतांकडे गेलो. ते गव्हाणीवर बसून सांगू लागले आणि मी लिहू लागलो. मीठ. खडू. गूळ. जवाचं पीठ. मग म्हणाले, "जाळलेली हाडं. कुटून, चाळून."

माझा हात थांबला. मी म्हणालो, "म्हणजे त्या दिवशी मी..."

"हो. तुम्ही पण. मी तर रोज." आणि माझं तोंड बघून त्यांनी समजावलं. पागेच्या जुन्या सालोत्रीने, म्हणजे घोड्यांच्या वैद्याने, त्यांना हे शिकवलं होतं. व्यालेल्या म्हशीच्या दुधातून तिच्या हाडातलं निघून जातं. उन्हाळ्यात हिरवं नाही, खाणं अर्धं, मग भरून कुठून येणार? ती भिंत चाटते, जोडा खाते, आणि तरी नाही मिळालं तर एक दिवस लाल मुतते आणि बसते ती उठत नाही. "तिचंच आहे, तिला वापस देतो आपण," ते म्हणाले. "हा कागद साहेबांना जाणार ना? मग लिहा. डॉक्टर लोक आहेत तिथे, समजतील."

घरी जाऊन मी दोनदा चूळ भरली, बायकोने विचारलं दात दुखतो का, मी हो म्हणालो.

आता माझी चूक सांगतो. फाटकावरच्या प्रतीसाठी मी ती यादी पुन्हा लिहून काढली. माझं अक्षर चांगलं आहे, तेव्हा तर मोत्यासारखं होतं, आणि भोपाळहून कुणी आलं तर त्याच्या नजरेत भरावं ही हौस होती. मी जाड कागद घेतला, लाल शाईने रेघा मारल्या आणि टाकाने ठळक लिहिलं. पाचवी ओळ : हड्डी का चूरा, जला हुआ. खाली माझी सही. दत्तोपंतांना विचारलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात हा कागद कुणी वाचलाही नसता. इथे सकाळी त्याच फाटकावर पूजेच्या दुधाचे लोटे घेऊन माणसं उभी राहत होती.

तिसऱ्या दिवशी दूध नाकारलं गेलं. चौथ्या दिवशी पंधरा-वीस माणसं फाटकाशी आली. आरडाओरडा नव्हता, असता तर बरं झालं असतं. पुढे एक वृद्ध गृहस्थ होते, गावात मान असलेले, दत्तोपंतांच्या वडलांना ओळखणारे. आमच्या मॅनेजरसाहेबांनी सकाळीच एक कागद तयार करून ठेवला होता. यादीत लेखनाची चूक झाली, वस्तू चुना आहे, असं त्यात होतं. दत्तोपंतांनी खाली सही करायची होती. सगळ्यांनाच ते हवं होतं. त्या वृद्ध गृहस्थांना तर सगळ्यांत जास्त, कारण आठ वर्षं तेही हेच दूध देवाला घालत होते. ते जवळजवळ विनवून म्हणाले, "पागनीसजी, आप कह दीजिए कि चूना है. हम मान लेंगे."

दत्तोपंतांनी कागद वाचला, घडी केली आणि मॅनेजरसाहेबांना परत दिला. "हड्डी है," ते म्हणाले. "पहले दिन से है."

मग त्यांनी हात जोडले. मी त्यांना हात जोडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, चार म्हशी व्यालेल्या आहेत, भूरी व्यायची आहे, एवढी गर्मी निघू द्या, पाणी पडलं की बंद करतो. तोवर हे दूध देवाला नेऊ नका, पोरांना पाजा.  मागून कुणीतरी विचारलं की पागनीसजी रोज चाखतात म्हणे, ते खरं का. दत्तोपंत हो म्हणाले. पुढची माणसं नकळत एक पाऊल मागे सरकली.

त्या वृद्ध गृहस्थांनी यादीखालची सही बघितली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "और बाबूजी, आपने?"

 मी उत्तर देणार होतो. काय देणार होतो ते मला आजही माहीत नाही.

"उन्होंने नहीं," दत्तोपंत म्हणाले. "सिर्फ मैंने."

स्वतःच्या नावासाठी जो माणूस एक शब्द खोटा बोलला नाही, तो माझ्यासाठी चार शब्द बोलला. मी मान खाली घातली आणि ते खोटं तसंच राहू दिलं.

त्या संध्याकाळी टावर चौकापर्यंत मी त्यांच्याबरोबर चालत गेलो. मी सारखा माफी मागत होतो आणि ते सारखे दुसरंच काही बोलत होते, की पेंड भिजवायला विसरू नका, कजरीचा उजवा सड बघायला सांगा. शेवटी मी विचारलं, चुना आहे म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं. ते थांबले. "आज चुना म्हटलं असतं तर उद्यापासून चुनाच घालावा लागला असता. मग म्हशी मेल्या असत्या आणि कोणाला कळलं पण नसतं का मेल्या." थोडं चालून म्हणाले, "तुमचं लेकरू लहान आहे. तुम्ही या भानगडीत नका पडू."

भोपाळहून वेळेवर आलेला पहिला कागद त्यांच्या निलंबनाचा होता. मसाला बंद झाला. जनावरांच्या डॉक्टरची जागा रिकामी होती, ती भरण्याचा कागद अजून कुठल्या तरी टेबलावर होता. मॅनेजरसाहेब वाईट नव्हते. त्यांना बदली हवी होती आणि तोवर शांतता हवी होती. दूध पुन्हा जाऊ लागलं.

भूरी वैशाखात व्याली. आठ दिवसांत तिच्यामागची भिंत ओली दिसायला लागली. मी ते पाहिलं. मला आता भिंतीकडे बघायची सवय लागली होती. रामलालने तिला आपला जुना जोडा नेऊन दिला. थट्टेने नव्हे, दुसरं काय करावं ते सुचेना म्हणून. मग एका सकाळी तो कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. "बाबूजी, भूरी ने लाल पेशाब करी है. काली चाय जेसो."

रामलाल दत्तोपंतांच्या घरी धावत गेला. ते साफा न बांधताच आले. फाटकावर चौकीदाराला हुकूम होता, त्यांना आत सोडायचं नाही. ते गजांना धरून उभे राहिले आणि तिथून विचारू लागले, कानाची मुळं गरम का, डोळ्याच्या आतला रंग कसा, रवंथ करते का. रामलाल तबेल्यात जायचा, बघून यायचा, सांगायचा. भर उन्हात अशा सात-आठ खेपा झाल्या. मी मॅनेजरसाहेबांना विचारायला गेलो, अर्धा तास सोडता येईल का. ते म्हणाले, लेखी विचारा. मी लेखी विचारलं नाही.

दुपारी भूरी बसली. दिवस मावळायच्या आत गेली. रामलालने फाटकाशी येऊन नुसती मान हलवली. दत्तोपंतांनी विचारलं, "रेडकू?" रामलाल म्हणाला, ठीक आहे, कजरीला लावतो. दत्तोपंत गजांवरचे हात सोडवून चालू लागले. गज इतके तापलेले होते की त्यांचे तळवे लाल झाले होते. भूरीला भग्गानेच ओढून नेलं. रजिस्टरात मृत्यूचं कारण मी लिहिलं : उष्माघात. ते लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात आणखी दोन गेल्या, त्यांच्यापुढेही तेच लिहिलं.

मधे एकदा मी त्यांच्या घरी गेलो. दत्तोपंत ओसरीवर बसून स्वतःचं ताट घासत होते. ताट, लोटा, पेला, तिन्हींची जागा आता ओसरीच्या कोपऱ्यात होती. मी बघतोय हे बघून म्हणाले, "बाहेर हवा चांगली लागते." माईंनी आतून मला हाक मारली. मी ओसरीवरच बसतो म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही आत या हो. तुम्ही कुठे चाखलं होतं."

मी आत गेलो. त्यांनी घरातल्या कपात चहा दिला. मी तो प्यायलो. तेव्हा मला माझी जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही, आणि जावी असंही वाटत नाही.

माई रडत नव्हत्या. म्हणाल्या, "त्यांनी तोंडात काय घातलं त्याचं मला इतकं नाही. जनावरासाठी घातलं. पण आठ वर्षं मी त्या दुधाने महादेवाला न्हाऊ घातलं. त्यांना मालूम होतं, आणि रोज लोटा माझ्या हातात देत होते. मला एकदा विचारायचं होतं. मी कदाचित हो पण बोलले असते." देव्हाऱ्यातला महादेव त्यांनी नदीत सोडला होता. तिथे एक गोल डाग राहिला होता, रोजच्या पाण्याने पडलेला.

ओसरीवर सगळं ऐकू जात होतं. मला निरोप द्यायला दत्तोपंत रस्त्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "माई बरोबर बोलते. घोड्यांच्या वेळेस देवाचा संबंध नव्हता. म्हशी आल्या तेव्हा सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असतं तर मसाला बंद झाला असता, म्हणून नाही सांगितलं. दोन्ही कसं जमणार होतं?" हा प्रश्न ते खरंच मला विचारत होते. 

त्याच श्रावणात ते गेले. तापाचं निमित्त झालं. नोकरीचा निकाल अजून लागायचा होता. खांदा द्यायला मी होतो, रामलाल होता, मागे बऱ्याच अंतरावर भग्गा चालत होता. तेराव्याला गेलो तेव्हा ओसरीचा कोपरा रिकामा होता. ताट, लोटा, पेला माईंनी आत नेऊन आपल्या भांड्यांत लावले होते. 

पण दत्तोपंत म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतात ते त्याआधीच्या जेठातले. भोपाळहून मोठे साहेब पाहणीला येणार होते, म्हणून तबेल्यांना सफेदी करायला कंत्राटदाराची पाच माणसं आली. मी कचेरीच्या खिडकीशी बसलो होतो. पाचांतला एक डोक्यावर ओला पंचा टाकून, आपली वेगळी बादली घेऊन, कुणाला न विचारता सरळ आतल्या गोठ्याकडे गेला. चालीवरून मी ओळखलं. चौकीदारानेही ओळखलं असावं, कारण तो एकदम रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

बाकीचे चौघे बाहेरून, वरून खाली, पाहुण्यांना दिसेल अशी सफेदी करत होते. दत्तोपंत आत, म्हशींच्या मधे, गव्हाणीपासून उभ्या म्हशीची जीभ पोचेल तेवढ्याच उंचीपर्यंत कुंचला मारत होते. एक हात, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. कजरी व्यालेली होती. तिने मान वळवून भिंत हुंगली आणि चाटायला लागली. तो खरखर आवाज खिडकीपर्यंत येत होता. मग शेजारची चाटायला लागली. भिंत पुरणार नव्हती. दोन वेळच्या दोन मुठी कुठे आणि भिंतीवरचा थर कुठे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी ते चाटलेल्या जागी पुन्हा कुंचला मारत होते.

मधेच त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. त्यांनी बादलीत बोटं बुडवली, तळहातावर थोडं पांढरं घेतलं आणि हात माझ्या दिशेने पुढे केला. तोंडावर राग नव्हता, टोमणा नव्हता. पहिल्या दिवशी जसं "घ्या" म्हणाले होते तसाच चेहरा होता.

माझ्यामागे शिपाई उभा होता. मी मान खाली घालून रजिस्टरात बघू लागलो.

थोड्या वेळाने वर पाहिलं तेव्हा त्यांनी तो हात स्वतःच्या तोंडाशी नेला होता. डोळे मिटलेले. ओठ हलले, काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण कनवटीची पुरचुंडी सोडून त्यांनी बादलीत मीठ टाकलं आणि पुढच्या भिंतीकडे वळले.

संध्याकाळी दिवसाच्या कामाची नोंद करायची होती. काम : आतील गोठ्यास सफेदी. पुढे 'साहित्य' असा रकाना होता. त्यात मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं : चुना.